आयलीन डोनन : बंदुकीच्या दारूने उडवलेला किल्ला पुन्हा कसा उभा राहिला

आयलीन डोनन हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही, पण किल्ला मात्र पुष्कळांनी पाहिलेला आहे. १९९८च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाचं शीर्षकगीत इथेच चित्रित झालं होतं. पाण्याने वेढलेलं बेट, त्यावर दगडी किल्ला, किनाऱ्यापासून तिथवर गेलेला कमानींचा पूल. स्कॉटलंडच्या पश्चिम हायलँड्समधलं डॉर्नी हे छोटंसं गाव त्याच्या शेजारी आहे.

चित्र पाहून वाटतं, शेकडो वर्षं हा किल्ला असाच उभा असेल. प्रत्यक्षात आज दिसणारं बांधकाम बहुतांशी १९१२ ते १९३२ या काळातलं आहे. पूलही तेव्हाचाच. त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं बेटावर नुसत्या पडक्या भिंती होत्या.

जागा मात्र खरोखर जुनी. ‘लॉख’ म्हणजे तळं असं आपल्याला सांगितलेलं असतं, पण या किनाऱ्यावरची बरीच लॉखं म्हणजे आपल्या भाषेत खाड्याच. लॉख डूइख, लॉख लाँग आणि लॉख आल्श अशा तीन खाड्या या बेटापाशी मिळतात. ‘आयलीन’ म्हणजे गेलिक भाषेत बेट, आणि डोनन हा सातव्या शतकातला धर्मप्रचारक संत. इ. स. ६१७च्या सुमारास एग बेटावर त्याची हत्या झाली. तेराव्या शतकात इथे तटबंदी उभी राहिली, तेव्हा समोरची हेब्रिडीज बेटं नॉर्वेच्या राजाच्या ताब्यात होती. समुद्रातून येणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला याहून मोक्याची जागा मिळणं कठीण.

पुढे किल्ला मॅकेन्झी घराण्याकडे आला आणि त्याची किल्लेदारी मॅक्रे घराण्याकडे. ‘मॅकेन्झींचं चिलखत’ अशी मॅक्रेंची ओळख होती, आणि ती त्यांनी मिळवलेली होती. १५३९ मध्ये स्काय बेटावरच्या स्लीटचा डोनाल्ड गॉर्म मोठा आरमारी ताफा घेऊन चालून आला, तेव्हा किल्ल्यात अगदी मोजकी माणसं होती. परंपरेने सांगतात की डंकन मॅक्रेचा बाण डोनाल्डच्या पायात घुसला. त्याने तो रागाने उपसला, बाणाच्या काट्यांनी धमनी तुटली आणि तो दगावला. वेढा तिथेच संपला.

किल्ल्याचा घात केला तो १७१९ने. पदच्युत स्टुअर्ट राजवंशाला इंग्लंड-स्कॉटलंडचं सिंहासन परत मिळवून देण्याच्या खटपटीत तेव्हा स्पेनही उतरला होता. स्पेनचं मुख्य आरमार वादळात उधळलं गेलं. इथवर पोहोचले ते सुमारे ३०० स्पॅनिश सैनिक. त्यांतले चाळीस-पंचेचाळीस जण दारूगोळ्याच्या राखणीला किल्ल्यात ठेवून बाकीचे पुढे गेले.

१० मे रोजी ब्रिटिश आरमाराच्या ‘वूस्टर’, ‘फ्लॅम्बरो’ आणि ‘एंटरप्राइज’ या युद्धनौका खाडीत शिरल्या. बोलणी करायला पांढरं निशाण लावून गेलेल्या होडीवर किल्ल्यातून गोळ्या झाडल्या गेल्या आणि तोफा सुरू झाल्या. किल्ल्याच्या भिंती काही ठिकाणी चार मीटरपर्यंत जाड होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोफांच्या आडून सैनिक होड्यांनी बेटावर उतरले आणि फारसा प्रतिकार न होता किल्ला पडला. आत बंदुकीच्या दारूची ३४३ पिंपं सापडली. त्यानंतर दोन दिवस खपून २७ पिंपं दारू लावून त्यांनी किल्ला उडवला. ज्यांच्यासाठी हा साठा होता त्या सैन्याचा महिन्याभरात, १० जूनला, ग्लेन शीलच्या लढाईत पराभव झाला. तिथल्या डोंगराच्या एका शिखराला आजही ‘स्पॅनियार्डांचं शिखर’ असंच गेलिक नाव आहे.

मधल्या काळात डॉर्नी गाव शेती-मासेमारीवर जगत राहिलं. १८९७ मध्ये जवळच्या काइल ऑफ लॉखआल्शपर्यंत रेल्वे आली, पण रस्त्याने जाणाऱ्यांना लॉख लाँग ओलांडायला फेरीबोटच होती. १९४० मध्ये पूल झाला आणि डॉर्नी खऱ्या अर्थाने जवळ आलं. आज स्कायकडे जाणारा मोठा रस्ता किल्ल्यासमोरूनच जातो.

१९११ मध्ये लेफ्टनंट कर्नल जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी हे बेट विकत घेतलं आणि किल्ला पुन्हा बांधायचं ठरवलं. त्यांच्या जोडीला होता बांधकामावर देखरेख करणारा फार्कर मॅक्रे. जुना किल्ला कसा दिसायचा हे त्याला स्वप्नात दिसलं होतं, असं सांगितलं जातं. जॉर्ज मॅकी वॉटसन हे वास्तुविशारद. मध्ये पहिलं महायुद्ध येऊन गेलं, आणि तब्बल वीस वर्षांनी, १९३२ मध्ये, काम पुरं झालं. १७१४ मध्ये लुईस पेटिट याने काढलेल्या नकाशाशी ही नवी वास्तू पुरती जुळत नाही, म्हणून काही जण तिला नकली ठरवतात. मला ते अजिबात पटत नाही. शतकानुशतकं ज्यांनी या भिंती राखल्या, त्यांच्याच वंशातल्या माणसाने त्या पुन्हा उभ्या केल्या. पूर्वीचा किल्ला तरी कुठे एकाच रूपात राहिला होता? तेराव्या शतकातली ऐसपैस तटबंदी पुढे आवळली गेली आणि सोळाव्या शतकात तोफांसाठी पुन्हा वाढवली गेली.

मुख्य दरवाजावर गेलिकमध्ये एक ओळ कोरलेली आहे. मॅक्रे आणि फ्रेझर घराण्यांच्या जुन्या सोयरिकीची ती खूण. तिचा अर्थ असा, की आत एक जरी मॅक्रे असेल, तरी कोणी फ्रेझर दाराबाहेर राहणार नाही.