पऱ्हाटीची फवारणी आणि राणीमाशीची कूस : पार्श्वभूमी

डीडीटी-बीएचसी या जुन्या कीटकनाशकांचा जमाना इथे फार उगाळत नाही. ती औषधं मधमाशीला जागीच मारत, म्हणजे निदान मेलेली माशी दिसायची. १९८०च्या दशकात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं आली आणि बोंडअळी त्यांनाही पुरून उरली. मधमाशीच्या वंशाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो तो पुढे, बीटीच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होणाऱ्या कापसाच्या काळात.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीसाठीच्या फवारण्या काही वर्षं खरोखर कमी झाल्या. पण तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांना बीटीचं काही वाटत नाही. त्यांच्यासाठी इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही निओनिकोटिनॉइड गटातली औषधं होती, आधी बियाण्याला लावलेली, मग पंपातून. ही आंतरप्रवाही आहेत, झाडाच्या रसात उतरतात. पऱ्हाटीचं पान उलटून पाहावं : मधल्या शिरेवर बारीकशी खळगी असते आणि तिच्यातून गोड रस पाझरतो. पाती-फूल धरायच्या आधीही मधमाशी तिथे येते.

मधमाश्यांची राणी आयुष्याच्या सुरुवातीला मोजक्या उड्डाणांत अनेक नरांशी मिलन करते आणि ते वीर्य पोटातल्या शुक्रकोशात पुढची काही वर्षं जपते. फलित अंड्यातून कामकरी माशी, अफलित अंड्यातून नर. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात थायमेथोक्झाम आणि त्याच गटातल्या क्लोथियानिडिनचा शेतात सापडतो तेवढाच अंश परागातून दिला, तर नरांमधले जिवंत शुक्राणू ३९ टक्क्यांनी घटले. त्याआधी, २०१५ मध्ये, राणीच्या शुक्रकोशातला साठाही कमी भरल्याचं दिसलं होतं. मधपेटीत याची खूण अशी की कामकरीच्या घरांवर बंदुकीच्या गोळीसारखी फुगीर झाकणं दिसू लागतात, आत नर वाढत असतात. पेटीवाला म्हणतो, राणी बाद निघाली, आणि दुसरी घालतो. वावरातल्या औषधाशी तो ते जोडत नाही, आणि जोडावं असं त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

आता २०१७. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा राज्याने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्री-वापराला मनाई केली : मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण. मुदत ६० दिवस. एवढीच का, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. १९६८च्या कीटकनाशक कायद्यात राज्याला तात्पुरतीच मनाई करता येते, कायमची बंदी केंद्राच्या हातात. शिवाय आदेश निघाला नोव्हेंबरात, पऱ्हाटीवरच्या बहुतेक फवारण्या उरकल्यावर. तूर तेवढी फुलावर होती आणि तुरीवर माशी भरपूर असते, तेव्हा मनाईचा थोडाफार लाभ झालाच असेल तर तो माशीला, तोही न मागता. यादी माणसांच्या मृत्यूवरून बनली होती, आणि ती तशीच बनायला हवी होती. खटकतं ते पुढचं : इमिडाक्लोप्रिड मिश्रणात मना होतं, एकटं नाही. थायमेथोक्झाम यादीत नव्हतंच.

औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोणही त्याच हिशेबाचा. लाल (सर्वांत जहाल), पिवळा, निळा, हिरवा (सर्वांत सौम्य) हे रंग प्रयोगशाळेतल्या उंदराला किती मात्रेत मरण येतं त्यावरून ठरतात. थायमेथोक्झाम निळ्यात बसतं, म्हणून दुकानदार ते 'हलकं औषध' म्हणून देतो. सस्तन प्राण्यांच्या मानाने ते हलकं आहेही.

युरोपीय संघाने २०१३ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झामवर निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला वापरच थांबवला. आपल्याकडे २०२३ मध्ये केंद्राने मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर (३६ एसएल) बंदी घातली. ते लाल त्रिकोणाचं होतं.

आणखी एक गोष्ट. हे प्रयोग पेटीत राहणाऱ्या युरोपीय माशीवर झाले. विदर्भात मधाचा मोठा वाटा आग्या मोहोळाचा, आणि आग्या पेटीत राहत नाही, ऋतू सरला की पोळं सोडून निघून जाते. पुढच्या वर्षी त्याच झाडावर मोहोळं कमी बसली तर गावात कारण सांगतात झाडतोड किंवा उन्हाळा. राणीकडे बोट जात नाही, कारण तिचं घर उघडून पाहायची सोयच नाही.