जावा म्हातारी आणि पायथन कालची पोर?

"जावा मेली, आता फक्त पायथन शिक." प्रोग्रामिंगची कोणती भाषा शिकू असं विचारलं, की दादरच्या क्लासपासून विरार लोकलपर्यंत हा सल्ला फुकट मिळतो. कारण काय, तर जावा जुनी. गंमत अशी की पायथन १९९१ साली बाहेर आली आणि जावा १९९५ साली, म्हणजे थोरली पायथनच!

मेल्याची वार्ता बहुधा ॲपलेटमुळे पसरली. ब्राउझरमध्ये चालणारे ते छोटे जावा प्रोग्राम खरंच गेले, आणि बरं झालं. पण सर्व्हरवरची, म्हणजे पडद्यामागच्या संगणकांवरची, जावा हलली नाही. बँकांच्या व्यवहारांमागे आजही ती राबते. अँड्रॉइड ॲपसाठी गूगलने २०१९ मध्ये कॉटलिन या दुसऱ्या भाषेला पहिली पसंती दिली हे खरं, पण कॉटलिन जावाच्या कोडसोबत सुखाने नांदते.

एसक्यूएल ही भाषा तर १९७४ ची. फोर्टातली बँक असो की बीकेसीतला स्टार्टअप, डेटाबेसशी, म्हणजे साठवलेल्या माहितीशी, बोलायला बहुतेक वेळा तीच लागते. तिची पाटी मात्र कुणी मोठ्या अक्षरांत लावत नाही.

फी भरण्याआधी ठाणे ते सीएसएमटी प्रवासात, बसायला मिळालं तर, नोकरीच्या वीस जाहिराती वाचा. कोणती नावं पुन्हा पुन्हा येतात ते वहीत टिपा.