‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये ग्रंथालय कसे जोडावे, आणि वर्गणीतून मोकळा झालेला निधी ग्रंथालयातच कसा ठेवावा

विद्यापीठ ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात वर्षानुवर्षे सगळ्यात मोठा घास परदेशी जर्नल्सची (संशोधन नियतकालिकांची) वर्गणी घेत आली. डॉलर वधारला की पुस्तक खरेदी कापायची, हा जणू नियमच होता. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ (ओएनओएस), म्हणजे सरकारी संस्थांसाठी जर्नल्सची वर्गणी केंद्रानेच एकत्रितपणे भरण्याच्या योजनेला मंजुरी दिली आणि या गणितातली एक बाजू बदलली. 2025, 2026 आणि 2027 या तीन कॅलेंडर वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपयांची तरतूद, 30 मोठे प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नल्स आणि 6,300 हून अधिक संस्था, असा तिचा आवाका आहे. एल्सव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, आयईईई ही नावे त्यात आहेत. प्रकाशकांना पैसे विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत एकत्रितपणे दिले जातात. संस्थेने वेगळे शुल्क भरायचे नाही.

योजनेत जोडले जाणे तसे सोपे आहे. अवघड आहे ते पुढचे, म्हणजे बंद केलेल्या वर्गणीचा पैसा ग्रंथालयाच्याच लेखाशीर्षात (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरात) टिकवणे. या लेखात दोन्हीची प्रक्रिया आहे, आणि दुसऱ्या भागाला जास्त जागा दिली आहे.

कोण पात्र, कोण नाही

केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्था पहिल्या टप्प्यात येतात. म्हणजे राज्य विद्यापीठांचे परिसर व विभाग, शासकीय महाविद्यालये, शासकीय अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये. मात्र विद्यापीठ पात्र आहे म्हणून त्याच्याशी संलग्न असलेले प्रत्येक महाविद्यालय आपोआप पात्र होत नाही. पात्रता संस्थेच्या स्वतःच्या व्यवस्थापन प्रकारावर ठरते आणि तो प्रकार आयशे (एआयएसएचई), म्हणजे उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाच्या नोंदणीत लिहिलेला असतो. शासकीय महाविद्यालयाची नोंद तिथे चुकून दुसऱ्या प्रकारात झाली असेल, तर आधी आयशेच्या नोडल अधिकाऱ्याकडून ती दुरुस्त करून घ्या. ओएनओएसच्या पोर्टलवर पत्रव्यवहार करून ते काम होत नाही.

महाराष्ट्रातली बहुसंख्य महाविद्यालये खासगी, अनुदानित किंवा विनाअनुदानित. त्यांनी पुढच्या टप्प्याची वाट पाहत बसू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2(एफ) (मान्यता) किंवा 12(बी) (आयोगाच्या अनुदानास पात्रता) यादीतल्या अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट ही सेवा आहे. तिचे वार्षिक सदस्यत्व अनेक वर्षे 5,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,900 रुपये असे राहिले आहे. मंजुरीसाठीची टिप्पणी लिहिण्याआधी पोर्टलवरचा चालू दर पाहून घ्या. एवढ्या पैशात 6,000 हून अधिक जर्नल्स आणि लाखभराहून जास्त ई-पुस्तके मिळतात. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, कृषी, व्यवस्थापन, दंतवैद्यक व परिचर्या महाविद्यालये या सवलतीच्या गटात बसत नाहीत. 17 जून 1972 पूर्वी स्थापन झालेल्या महाविद्यालयांना 12(बी)साठी स्वतंत्र प्रक्रिया लागत नाही, पण आयोगाच्या यादीत नाव आहे याची प्रत फाइलला हवीच.

हाताशी ठेवायची कागदपत्रे आणि माहिती

– संस्थेचा आयशे कोड आणि नोंदणीची अद्ययावत प्रत
– नोडल अधिकारी नेमल्याचे पत्र, संस्थेच्या लेटरहेडवर, कुलसचिव किंवा प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह
– संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरचा ई-मेल (खासगी जीमेल पत्ता देऊ नका, ग्रंथपाल निवृत्त झाले की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो)
– परिसरातील सर्व इंटरनेट जोडण्यांचे पब्लिक स्टॅटिक (बाहेरून दिसणारे, न बदलणारे) आयपी पत्ते, सेवा पुरवठादाराच्या पत्रासह
– विभागनिहाय प्राध्यापक, संशोधक व विद्यार्थी यांची यादी, प्रत्येकाच्या ई-मेलसह
– एन-लिस्ट असेल तर 2(एफ)/12(बी)चे पत्र आणि शुल्क भरल्याची पावती

नोडल अधिकारी शक्यतो ग्रंथपाल किंवा ज्ञानस्रोत केंद्राचे संचालक असावेत आणि दुसरे नाव संगणक केंद्रातले असावे. एकाच माणसाकडे सगळे ठेवले की दीर्घ रजेच्या काळात नवीन विद्यार्थ्यांची खाती मंजूर होत नाहीत.

नोंदणी आणि वापर

पोर्टलवर संस्थेची नोंद आयशे कोडने शोधायची, नोडल अधिकाऱ्याची माहिती भरायची, पत्र जोडायचे आणि आयपी पत्ते द्यायचे. मंजुरीनंतर परिसरातल्या संगणकांवरून जर्नल्स थेट उघडतात. परिसराबाहेरून वाचण्यासाठी इन्फ्लिबनेटची इन्फेड ही ओळख-व्यवस्था वापरायची. तिच्यात संस्थेच्या वतीने प्रत्येक वाचकाचे खाते तयार किंवा मंजूर करावे लागते. मग वाचकाने प्रकाशकाच्या संकेतस्थळावर ‘संस्थेमार्फत प्रवेश’ या अर्थाचा दुवा दाबायचा, फेडरेशनच्या यादीतून इन्फेड निवडायचे, आपल्या संस्थेचे नाव शोधायचे आणि लॉगिन करायचे. बहुतेक विद्यार्थी गूगलवरून थेट लेखाच्या पानावर येतात, तिथे डॉलरमधली किंमत पाहतात आणि परत फिरतात. ही चार पायऱ्यांची वाट चित्रांसह एका पानावर छापून प्रत्येक विभागात लावली, तरी वापरात फरक पडतो.

सर्वाधिक अर्ज अडकतात ते आयपी पत्त्यापाशी. संगणकाच्या सेटिंगमध्ये दिसणारा 192.168 किंवा 10 ने सुरू होणारा पत्ता हा परिसराच्या आतला, खासगी पत्ता असतो. लाखो कार्यालयांत तोच असतो, त्यामुळे प्रकाशकाला त्यावरून संस्था ओळखता येत नाही. बाहेर दिसणारा पत्ता सेवा पुरवठादार देतो. तोच अर्जात लिहा. घरगुती पद्धतीच्या ब्रॉडबँडवर हा पत्ता राउटर बंद-चालू केला तरी बदलतो, म्हणून स्टॅटिक आयपीची जोडणी हवी. नॅशनल नॉलेज नेटवर्क (शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारे सरकारी जाळे) आणि खासगी कंपनी अशा दोन जोडण्या असतील तर दोन्हींचे पत्ते द्या. नाहीतर मुख्य ग्रंथालयात उघडणारे जर्नल वसतिगृहात उघडत नाही आणि तक्रार मात्र ग्रंथालयाकडे येते.

एखाद्याने सॉफ्टवेअर लावून शेकडो लेख एका दमात उतरवले, तर प्रकाशक संपूर्ण परिसराचा आयपी बंद करतो. तो पुन्हा सुरू करून घेण्यासाठी कोणत्या खात्यावरून काय झाले याचा खुलासा द्यावा लागतो. वाय-फाय खुले आणि लॉगिनशिवाय असेल तर हा खुलासा देताच येत नाही. उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची खाती दर जुलैत बंद करणे हाही याच शिस्तीचा भाग.

जुनी वर्गणी थांबवण्याआधी

पोर्टलवरची जर्नल्सची यादी घ्या आणि आपल्या चालू वर्गण्यांच्या यादीशी आयएसएसएन (प्रत्येक जर्नलचा स्वतंत्र ओळख) क्रमांकावरून जुळवा. नावावरून जुळवू नका. नावे बदलतात, एकाच नावाची दोन जर्नल्स असतात. विभागांनी आपापल्या प्रकल्प निधीतून घेतलेल्या वर्गण्याही या तक्त्यात आणा, कारण दुबार वर्गणी नेमकी तिथे लपलेली असते.

तक्त्यात प्रत्येक जर्नलपुढे तीन गोष्टी लिहा: ते योजनेत आहे का, योजनेत कोणत्या वर्षापासूनचे अंक उघडतात, आणि आपण आधी पैसे भरलेल्या वर्षांवर कायमचा हक्क आहे का. तिसरी गोष्ट प्रकाशकाकडून लेखी घ्या. वर्गणी थांबल्यावर जुने खाते बंद होते आणि दहा वर्षे पैसे भरलेले अंकही दिसेनासे होतात; मग भांडायला हातात कागद नसतो.

योजना जर्नल्सपुरती आहे. ई-पुस्तके आणि उद्धरण-डेटाबेस (कोणत्या लेखाचा संदर्भ कुणी दिला याची नोंद ठेवणारे) यांचा खर्च संस्थेलाच करायचा आहे, तसेच यादीबाहेरची जर्नल्सही. छापील अंक हवे असतील तर त्यांचीही वेगळी वर्गणी. यादीबाहेरचे जर्नल ठेवायचे की नाही, हे वापरावरून ठरवा. प्रकाशकाकडून काउंटर पद्धतीचा (वापर मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसारचा) वापर अहवाल मागवा. समजा, 80,000 रुपयांच्या जर्नलमधले वर्षभरात 40 लेख उघडले गेले, तर एका लेखाला 2,000 रुपये पडले. हा आकडा समोर आला की विभागप्रमुखांशी बोलणे सोपे जाते. पण हाच निकष मराठी, मोडी, स्थानिक इतिहास अशा विषयांना डोळे झाकून लावू नका. तिथे वाचक थोडे असले तरी ते साहित्य दुसरीकडे कुठेच मिळणार नसते.

मोकळा निधी ग्रंथालयात टिकवण्याची प्रक्रिया

जर्नल्सचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, विद्यापीठाचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. नूतनीकरणाचा आदेश सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्यावा लागतो, आणि साधारण त्याच सुमारास पुढच्या अंदाजपत्रकाचे प्रस्ताव मागवले जातात. त्याच वेळी टिप्पणी गेली नाही, तर वित्त विभागाला फक्त एवढे दिसते की नियतकालिकांच्या लेखाशीर्षात रक्कम अखर्चित पडली आहे. पुढच्या वर्षीची तरतूद त्यावरूनच कापली जाते, आणि एकदा खाली आलेली तरतूद वर चढवायला वर्षे जातात.

म्हणून क्रम असा ठेवा. ऑगस्टमध्ये वरील तक्ता ग्रंथालय समितीपुढे ठेवून ठराव करून घ्या. ठरावात ‘बचत’ एवढाच शब्द लिहून थांबू नका; कोणत्या लेखाशीर्षातून किती रक्कम कोणत्या लेखाशीर्षात वळवायची, हे आकड्यांत लिहा. चालू वर्षाच्या रकमेसाठी पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव आणि पुढच्या वर्षासाठी अंदाजपत्रकाचा प्रस्ताव, असे दोन वेगळे कागद करा. दोन्ही वित्त व लेखा समितीकडे जातात. अंदाजपत्रक तिथून व्यवस्थापन परिषद आणि मग अधिसभा असा प्रवास करते. प्रस्तावासोबत मागील पाच वर्षांचा ग्रंथ व नियतकालिक खर्च जोडा. उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या ग्रंथालयविषयक निकषात हाच पाच वर्षांचा खर्च विचारला जात आला आहे, त्यामुळे तो घसरला तर कुठे दिसेल हे समितीला वेगळे सांगावे लागत नाही.

पैसा वळवताना विषयनिहाय मागणी तयार हवी. मंजुरी आल्यावर याद्या मागवायला निघालात तर फेब्रुवारी उजाडतो, आणि मार्चमध्ये पुरवठादाराकडे जे पडून आहे तेच कपाटात येते. अशा खरेदीतून एकाच मार्गदर्शक पुस्तकाच्या वीस प्रती जमतात आणि संदर्भग्रंथांचा तुटलेला संच तुटलेलाच राहतो. विभागांकडून मागणीपत्र वर्षभर घ्या. त्यात लेखक, आवृत्ती, वर्ष, प्रकाशक, आयएसबीएन, किंमत आणि कोणत्या अभ्यासक्रमासाठी, हे रकाने हवेत. कॅटलॉगमध्ये दुबार प्रत तपासल्याची ग्रंथालयाची सही त्यावरच घ्या. मराठीतल्या छोट्या प्रकाशकांची पुस्तके आणि दिवाळी अंक मोठ्या पुरवठादारांच्या याद्यांत येत नाहीत. त्यांच्यासाठी प्रकाशकाकडून थेट खरेदीची तरतूद ठरावातच करून ठेवा, नाहीतर लेखापरीक्षणात ‘दरपत्रके का नाहीत’ असा आक्षेप निघतो.

बिल हातात आल्यावर पाहायचे ते असे: छापील पुस्तकांवर जीएसटी लावलेला नसावा, परदेशी पुस्तकाच्या किमतीचा प्रकाशकाकडील पुरावा आणि वापरलेल्या विनिमय दराची तारीख जोडलेली असावी, ठरलेली सवलत प्रत्येक ओळीवर वजा झालेली असावी, आणि आवृत्ती मागणीपत्रातलीच असावी. महागड्या पुस्तकाची ‘भारतीय विद्यार्थी आवृत्ती’ स्वस्तात मिळत असताना मूळ आवृत्तीच्या दराने बिल येणे, ही नेहमीची गफलत आहे. दाखल नोंदवहीतला क्रमांक प्रत्येक शीर्षकापुढे लिहूनच बिल लेखा विभागाकडे पाठवा. क्रमांक नसलेले बिल परत येते, आणि मार्चअखेरीस परत आलेले बिल म्हणजे त्या वर्षाची तरतूद व्यपगत, म्हणजे न वापरताच गेली.

नवी पुस्तके आली तरी ती कुलूपबंद कपाटात जात असतील, तर त्यामागे बहुतेक वेळा हरवलेल्या पुस्तकांची वसुली अंगावर येण्याची भीती असते. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार वर्षात वाचकांना दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी धरता येते. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. 1,000 रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी करावीच लागते. राज्य विद्यापीठाला त्याची स्वतःची लेखासंहिता लागू असते, तरी निर्लेखनाचा (गेलेले ग्रंथ नोंदीतून कमी करण्याचा) प्रस्ताव करताना या नियमाचा आधार जोडता येतो. खरेदीचा ठराव आणि निर्लेखनाचा प्रस्ताव ग्रंथालय समितीच्या एकाच बैठकीत ठेवा. कोणते ग्रंथ गेले ते समोर असले की त्यांच्या बदली प्रती त्याच मागणीपत्रात घालता येतात.