लिंबसची ताठरता आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरील मूलपेशी

डोळ्याचे पारदर्शक पारपटल आणि पांढरे श्वेतपटल जेथे मिळतात तेथील सुमारे १ ते २ मिमी रुंदीच्या वर्तुळाकार पट्ट्याला लिंबस म्हणतात. पारपटलावरील अभिस्तराच्या, म्हणजे सर्वांत वरच्या आवरणाच्या, पेशी सतत झडत असतात. त्यांची जागा घेणाऱ्या पेशी मुख्यतः लिंबसच्या तळाशी राहणाऱ्या मूलपेशींपासून तयार होऊन मध्याकडे सरकतात. या मूलपेशींना तेथे टिकवून धरण्यात रक्तपुरवठा आणि रासायनिक संकेत यांच्याबरोबरच त्यांच्याखालील ऊतकाच्या मऊपणाचाही वाटा असतो.

पेशी आपल्या बुडाखालचा थर सतत चाचपत असते. पृष्ठभागावरील इंटेग्रिन प्रथिनांनी ती त्या थरातील कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाला धरते आणि आतल्या अ‍ॅक्टिन तंतूंनी ओढते. थर ताठर असेल तर हा ताण वाढतो, ‘याप’ नावाचे प्रथिन केंद्रकात शिरते आणि पेशी मूलपेशीपण सोडून पक्व अभिस्तर पेशी होण्याच्या मार्गाला लागते. थर मऊ असेल तर याप बहुतांशी केंद्रकाबाहेर राहते. न्यूकॅसल विद्यापीठातील रिकार्डो गुव्हेया, चे कॉनन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ऊतकाला स्पर्श न करता केवळ प्रकाशाच्या प्रकीर्णनावरून मोजमाप करणाऱ्या ब्रिलुआँ पद्धतीने मानवी पारपटलाचा कडेचा भाग मध्यभागापेक्षा मऊ असल्याचे दाखवले. त्यांचा पुढचा प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे. अल्कलीने (चुन्यासारख्या दाहक पदार्थाने) भाजलेल्या सशांच्या पारपटलावर कोलॅजिनेज हे कोलॅजेन तोडणारे विकर वापरल्यावर ऊतकाचे यांत्रिक गुणधर्म पूर्ववत झाले आणि मूलपेशींना आधार देण्याची त्याची क्षमताही परतली. अशा इजेत पेशी मरतात हे पूर्वीपासून माहीत होते. उरलेली जागाही मूलपेशींना राहण्याजोगी उरत नाही, ही यातली नवी बाजू होय.

अल्कलीची इजा ही काही केवळ कारखान्यातली गोष्ट नव्हे. इंदुरात रामबागेतल्या मराठी घरातील पानाच्या डब्यात असो की राजवाड्याजवळच्या पानाच्या दुकानात, चुना सहज हाताशी असतो, आणि त्याची पुडी फुटून मुलांच्या डोळ्यांत चुना उडाल्याच्या घटना भारतीय नेत्रवैद्यकाला परिचित आहेत. अशा वेळी गुलाबपाणी किंवा मध न घालता डोळा ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा, पापणीखाली अडकलेले कण काढवून घ्यावेत आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लिंबसच्या मूलपेशी नष्ट झाल्यास नेत्रश्लेष्मला (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरण) व रक्तवाहिन्या पारपटलावर चढतात आणि दृष्टी अंधुक होते.

उपचारांत सध्या भर मूलपेशींच्या रोपणावर आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील विरेंदर सांगवान, सायन बसू आणि शेफील्डच्या शीला मॅकनील यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत निरोगी डोळ्याच्या लिंबसचा छोटा तुकडा घेऊन त्याचे बारीक भाग गर्भवेष्टनाच्या (गर्भाभोवतीच्या आवरणाच्या) पटलावर ठेवून थेट दुखावलेल्या डोळ्यावर बसवतात. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याची गरज राहत नाही. मात्र ज्या थरावर हे रोपण होते तो व्रणामुळे ताठर झालेला असू शकतो, म्हणून रोपणाआधी तो मऊ करणे हा संशोधनाचा स्वाभाविक पुढचा विषय आहे. कोलॅजिनेजचा असा वापर अद्याप प्रस्थापित उपचार नाही.