क्रेफिश : घरगुती संगोपन व पैदास

क्रेफिश हा गोड्या पाण्यातला, शेवंडाच्या नात्यातला कवचधारी प्राणी आहे. पुढे दोन दणकट नांग्या आणि मागे रुंद शेपटी हे त्याचे रूप. अमेरिका, युरोप, पूर्व आशिया, ऑस्ट्रेलिया व मादागास्कर येथे त्याच्या मूळ जाती आहेत; भारतात एकही नाही. त्यामुळे आपल्याकडे ॲक्वेरियमच्या दुकानात दिसणारा प्रत्येक क्रेफिश परदेशी वंशाचाच असतो. पाळायला तो सोपा आहे. पिल्ले होणेही अवघड नाही. ती जगवणे आणि जगली तर त्यांचे करायचे काय, हा खरा प्रश्न.

पाळल्या जाणाऱ्या जातींत तीन नावे ठळक : अमेरिकेच्या दक्षिण भागातला लाल क्रेफिश (प्रोकँबेरस क्लार्काय), ऑस्ट्रेलियाचा रेडक्लॉ (चेरॅक्स क्वाड्रिकॅरिनेटस) आणि मेक्सिकोतला जेमतेम 4 सेंमी.चा नारिंगी बुटका क्रेफिश. लाल क्रेफिश 1927 मध्ये अमेरिकेतून जपानला गेला, तोही बुलफ्रॉग जातीच्या बेडकांचे खाद्य म्हणून. आज तो तिथल्या तळ्यांत व भातखाचरांत सर्वत्र आहे. दोरीला सुके माकूळ बांधून त्याला पकडणे आणि घरी नेऊन पाळणे हा जपानी मुलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग.

एका लाल क्रेफिशला 60 सेंमी. लांबीची टाकी पुरते. झाकण मात्र घट्ट हवे. एअर पंपाच्या नळीवरून चढून तो रात्रीत बाहेर पडतो. कल्ले ओले असेपर्यंत पाण्याबाहेरही तग धरतो, म्हणून पलंगाखाली सापडलेला क्रेफिश मेलाच असेल असे नाही. पाण्यात कॅल्शियम हवे. दख्खनच्या पठारावरचे बोअरचे क्षारयुक्त पाणी यासाठी बरे. मुंबईच्या नळाचे पाणी मऊ असल्याने टाकीत शिंपले किंवा समुद्रफेस टाकावा लागतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवावे. माशांच्या रोगांवरची तांबेयुक्त औषधे त्याला विषासारखी. खायला बुडणाऱ्या गोळ्या, मटार, गाजर, गांडूळ आणि देशी बदामाची सुकी पाने. टाकीतल्या शोभेच्या वनस्पती तो कापून टाकतो, आणि रात्री तळाशी विसावलेले मासेही सोडत नाही.

त्याच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ म्हणजे कात टाकणे. आधी एक-दोन दिवस तो खाणे सोडतो आणि आडोशाला बसतो. मग पाठ व शेपटी यांच्यामधला सांधा उकलतो, प्राणी कुशीवर पडतो आणि काही मिनिटांत झटके देत बाहेर येतो. मागे राहिलेल्या कातेत मिशा, पाय, डोळ्यांवरचे आवरण, सगळे जागच्या जागी असते. नवशिक्याला वाटते, क्रेफिश मेला. ती कात काढून टाकू नये, तो ती खातो आणि त्यातले कॅल्शियम परत मिळवतो. जुन्या कवचातले थोडे कॅल्शियम त्याने आधीच जठरात दोन पांढऱ्या बटणांसारख्या चकत्यांच्या रूपाने साठवलेले असते. युरोपात पूर्वी या चकत्या ‘खेकड्याचे डोळे’ म्हणून औषधी दुकानांत विकल्या जात. नवे कवच कडक होईपर्यंत जोडीदारसुद्धा त्याला खाऊ शकतो, म्हणून टाकीत प्राण्यांपेक्षा बिळे जास्त हवीत. पीव्हीसी पाइपचे तुकडे उत्तम. तुटलेली नांगी पुढच्या कातींत हळूहळू परत येते.

नर-मादी पोटाकडून ओळखावे. मादीची जननछिद्रे, नांग्यांची जोडी पहिली धरल्यास, पायांच्या तिसऱ्या जोडीच्या मुळाशी असतात. लाल क्रेफिशच्या नरात पोटाखालच्या छोट्या पायांच्या पहिल्या दोन जोड्या कडक होऊन पुढे वळलेल्या असतात. मीलनात नर मादीला उताणे पाडून तिच्या नांग्या धरून ठेवतो. लाल क्रेफिशची मादी शुक्र साठवून ठेवते आणि अंडी काही आठवड्यांनीही घालते. अंडी येण्याआधी शेपटीखाली पांढुरके पट्टे दिसू लागतात. तेव्हाच तिला वेगळ्या टाकीत हलवावे. गाभोळी पोटाखालच्या पायांना चिकटते, सुरुवातीला ती काळपट असते. मादी ते पाय सतत हलवून तिला ताजे पाणी देते. लाल क्रेफिशच्या मोठ्या मादीला काहीशे अंडी होतात आणि उबदार पाण्यात ती सुमारे तीन आठवड्यांत फुटतात. पिल्ले दोनदा कात टाकेपर्यंत आईला लटकून राहतात. ती सुटी झाली की आईला बाहेर काढावे. मग ती एकमेकांना खातात. सुकी पाने, जाळीचे गुंडाळे आणि आकारानुसार वेगवेगळ्या टाक्या, एवढेच उपाय.

1990च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत मार्बल्ड क्रेफिश दिसू लागला. याच्यात नर नसतोच. प्रत्येक मादी नराविना स्वतःच्याच प्रतिकृती जन्माला घालते. 2003 मध्ये हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले. कंटाळलेल्या मालकांनी सोडून दिलेल्या माद्यांनी युरोपातली तळी भरली. मादागास्करमध्ये तो नद्यांतून भातशेतीत पसरला. अमेरिकी जाती ‘क्रेफिश प्लेग’ नावाचा बुरशीसदृश रोगही वाहून नेतात. त्या स्वतः बहुधा तगतात, युरोपातल्या मूळ जाती मात्र मरतात. युरोपीय संघाने 2016 मध्ये मार्बल्ड व लाल क्रेफिश पाळण्यावर, विकण्यावर व पैदाशीवर बंदी घातली. आधीपासून घरात असलेला प्राणी मरेपर्यंत ठेवता येतो, पण प्रजनन होऊ न देण्याच्या अटीवर. एकट्या मार्बल्ड मादीला ही अट कोण समजावणार! जपानने 2023 पासून लाल क्रेफिश विकण्यास व निसर्गात सोडण्यास मनाई केली. घरी पाळायला आणि ओळखीच्यांना फुकट द्यायला परवानगी ठेवली.