जुन्या लुगड्याचं दुपटं: विदर्भातल्या एका दानाची पार्श्वभूमी

नवजात बाळांसाठी दुपटी शिवून द्यायची ठरवली, तर आज विदर्भातल्या खेड्यात पहिली अडचण येते ती कापडाची. शिवणारे हात मिळतात, सुई-दोरा मिळतो, गरजू बाळंतिणींची नावं आशाताईंकडे, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीकडे, असतात. मिळत नाही ते धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं सुती कापड. कपाशी पिकवणाऱ्या मुलखावर ही वेळ कशी आली, हे समजून घेतलं तर दुपटं कसं शिवावं आणि कुठे द्यावं याचीही बरीच उत्तरं मिळतात.

पूर्वी दुपटं दान द्यायची वस्तू नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सातवा महिना लागला की आईनं किंवा आजीनं एखादं लुगडं बाजूला काढून ठेवायचं, एवढी साधी ही व्यवस्था होती. बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नाही, असा अनेक घरांचा नेम होता. त्यामागे श्रद्धा होती, पण अनुभवही होता. कोऱ्या कापडाला खळ असते, रंग कच्चा असतो, आणि ते ओल लवकर शोषत नाही. बारशाला बाळंतविडा यायचा, त्यात नवं झबलं, टोपडं, कुंची असायची. त्याआधीचे बारा दिवस बाळ जुनेरातच असायचं.

हे जुनेर मुबलक होतं, कारण कापूस आणि कापड दोन्ही इथलंच होतं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. खामगाव, अमरावती, हिंगणघाट या बाजारपेठा मोठ्या झाल्या. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरण्यांच्या जोडीला नागपूर, उमरेड, पवनी भागात कोष्ट्यांचे हातमाग होते. जाड सुताचं नऊवारी लुगडं शेतात राबणाऱ्या बाईच्या अंगावर वर्षानुवर्षं टिकायचं.

त्या लुगड्याचं आयुष्य टप्प्याटप्प्यानं संपायचं. बसण्याच्या जागी विरलं की तेवढा भाग कापून दोन धड तुकड्यांना दांड घालायचा. दांडही विरला की मोठ्यांच्या गोधडीत थर म्हणून, त्यानंतर पोतेऱ्यात. बाळाच्या दुपट्यासाठी कापड लागायचं ते मधल्या टप्प्यावरचं, विरायला लागलेलं पण फाटलेलं नव्हे. हीच कसोटी आजही लावावी. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ताणल्यावर धागे सरकले तर ते कापड दुपट्याच्या कामाचं नाही. दोन-चार धुण्यांतच त्याला भोकं पडतील.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, कापडावर नियंत्रण आलं आणि गरिबाच्या घरी जुनेरही उरेना. अंगावर वस्त्र नसणं म्हणजे काय, हे या भागात गाडगेबाबांनी आधीपासून सांगितलं होतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या या माणसाला लोक गोधडेबुवा म्हणत, कारण अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र असायचं. भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्या पाठोपाठ उघड्याला वस्त्र देणं त्यांच्या शिकवणीत येतं. विदर्भात कापडाच्या दानाला जो मान आहे, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

खरी पालट झाली ती १९८५ नंतर. त्या वर्षीच्या वस्त्रोद्योग धोरणानं कृत्रिम धाग्याला वाट मोकळी करून दिली. पॉलिएस्टरची साडी स्वस्त, लवकर वाळणारी, इस्त्री न लागणारी. शेतात जाणाऱ्या बाईनं ती का नेसू नये? तिनं नेसली, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. नऊवारी म्हाताऱ्यांपुरती उरली. एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली तेही हेच वर्ष. शिवारात कापूस वाढत गेला आणि घरातल्या ट्रंकेतून सुती कापड गेलं. आज गावात जुन्या साड्या गोळा केल्या, तर गाठोड्यात बहुतेक सिंथेटिकच निघतात.

अशा साडीचं दुपटं दिसायला झकपक होतं, पण बाळाच्या कामाचं नसतं. ते ओल शोषत नाही, त्यामुळे लघवी कापडात न जिरता बाळाच्या पाठीखाली साचते आणि बाळ गारठतं. उन्हाळ्यात त्यात घाम कोंडून अंगावर घामोळं येतं. त्याहून मोठा धोका विस्तवाचा. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची चाल अजून आहे. सुती कापडही पेटतं, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. म्हणून गोळा केलेल्या प्रत्येक साडीचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख बोटानं चुरगळते. पॉलिएस्टरचा कडक काळा मणी होतो. मिश्र कापडातही मणी होतोच. तेही बाजूला काढावं.

दुसरा बदल झाला तो बाळंतपणाच्या जागेत. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंनी देश हादरला. त्याच दशकात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बायका बाळाचं वजन करायच्या, तापमान बघायच्या, गार पडलेल्या बाळाला ऊब द्यायच्या, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या. त्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ मध्ये केंद्र सरकारनं आशांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू केला, त्याच्या मुळाशी हे काम आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

मधल्या काळात, २००५ पासून, जननी सुरक्षा योजनेमुळे बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. ही फार चांगली गोष्ट झाली. पण कळा रात्री सुरू होतात, गाडी येते, बाई नेसत्या कपड्यांनिशी निघते. पूर्वी हाताशी असलेलं दुपटं आता तीस-चाळीस किलोमीटर मागे घरी राहतं, आणि पुष्कळदा घरीही ते शिवलेलं नसतं. राज्यानं २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या पहिल्या बाळासाठी बेबी केअर किट सुरू केलं. दुसऱ्या-तिसऱ्या बाळाची आई त्यात येत नाही. दुपट्याच्या दानाची खरी जागा इथे आहे.

दुपटं काय करतं आणि काय करत नाही, हे शिवणाऱ्यांनी आधी समजून घ्यावं. नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं लागतं. बाळ ओलं जन्मतं, आणि अंगावरची ओल उडताना ऊब घेऊन जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाकडे चरबी कमी, म्हणून ते आणखी लवकर गार पडतं. त्याला सर्वात चांगली ऊब मिळते ती आईच्या उघड्या छातीशी. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये सुरू झालेली ही पद्धत आता जगभर मान्य आहे. दुपटं त्या जोडीला वरून पांघरायला, आणि बाळ आईपासून दूर असेल तेव्हा गुंडाळायला. जन्मल्याबरोबर दोन कापडं लागतात: एकानं पुसायचं आणि ते ओलं कापड लगेच टाकून द्यायचं, दुसऱ्यात गुंडाळायचं. म्हणून नुसतं एक जाड दुपटं देण्यापेक्षा एक दुपटं आणि एक पातळ सुती फडकं दिलेलं केव्हाही बरं.

आता शिवणं. तयार दुपटं ९० सेंटिमीटर चौरस असावं. यापेक्षा लहान असेल तर बाळाचे पाय महिनाभरात बाहेर येतात. फार मोठं असेल तर गुंडाळताना चेहऱ्याजवळ वळकटी होते. वरचा आणि खालचा तुकडा ९५ सेंटिमीटरचा कापावा आणि आतला ९० चा, म्हणजे कडा आत दुमडता येते. नऊवारीतून असे आठ तुकडे निघतात. विरलेले दोन वगळले, तर तीन थरांची दोन दुपटी होतात. पाचवारीतून एकच दुपटं, आणि उरलेल्यात टोपडं-लंगोट.

कापण्याआधी काठ आणि जरी काढून टाकावी, कारण जरी बाळाच्या कातडीला ओरखडे काढते. मग धुण्याचा सोडा टाकून वीसेक मिनिटं उकळावं आणि फेस येणं थांबेपर्यंत साध्या पाण्यात खळबळावं. साबण राहिला तर मांड्यांत पुरळ उठतं. लाल आणि गडद निळं कापड ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावं. रंग लागला तर ते मोठ्यांच्या गोधडीला द्यावं. पिवळ्या कापडाचं दुपटं शक्यतो करू नये, कारण त्यात गुंडाळलेल्या बाळाची कावीळ नजरेतून सुटू शकते. पांढऱ्या किंवा फिक्या रंगावर नाळेतून आलेलं रक्तही लगेच दिसतं.

जुनं कापड कमी पडलं म्हणून आतला थर कोऱ्या मांजरपाटाचा घालतात. इथेच बहुतेक दुपटी बिघडतात. कोरं कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आकसतं, जुनं आकसत नाही, आणि मग सगळ्या दुपट्याला चुण्या पडतात. कोरं घ्यायचंच तर मलमल घ्यावी, रात्रभर पाण्यात भिजवून दोनदा धुवावी, मगच कापावी.

थर जमिनीवर ताणून पसरावेत, आधी कोपऱ्यातून कोपऱ्यात आणि मग तळहाताएवढ्या अंतरावर लांब टाक्यांनी टाचून घ्यावेत. टाचण्याचा कंटाळा केला की मधोमध झोळ आलाच. मग कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असा धावदोरा मध्याकडे न्यावा. दोन ओळींत बोटभर-दीड बोट, म्हणजे तीन सेंटिमीटर अंतर ठेवावं. एवढ्या दुपट्याला साधारण २७ मीटर शिवण होते. दोरा दुहेरी घेतल्यावर ६० ते ६५ मीटर लागतो. टाका अर्ध्या सेंटिमीटरचा असावा. लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं, आणि सुटा दोरा बोटाला गुंडाळला तर रक्त थांबून बोट काळं पडू शकतं. गाठ नेहमी थरांच्या आत ओढून घ्यावी, वर शेपटी ठेवू नये. टाचणीचे दोरे काढल्यावर दोन्ही बाजूंनी हात फिरवून बघावं, आणि शिवायला घेतलेल्या सुया मोजून परत घ्याव्यात. सवयीच्या हाताला हे काम दोन-तीन दुपारचं. मशीनवर तासाभरात होतं, पण टाके गच्च बसतात आणि दुपटं पुठ्ठ्यासारखं होतं.

आत कापूस भरू नये. कापसाच्या प्रदेशात हे सांगणं जिवावर येतं, पण पिंजलेला कापूस धुतल्यावर गोळा होतो, आतून वाळत नाही आणि कुबट वास धरतो. बाळाचं दुपटं दिवसाआड धुवावं लागतं. तीन थरांचं, दोनशे ते अडीचशे ग्रॅमचं दुपटं एका उन्हात वाळतं. धारणी-चिखलदऱ्याच्या थंडीसाठी चौथा थर चालेल. एप्रिल-मे मध्ये द्यायचं असेल तर दोनच थर ठेवावेत, कारण चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात जास्त गुंडाळलेलं बाळ तापतं आणि अंगातलं पाणी कमी होऊन मलूल पडतं.

शिवण्याचे दिवस आणि देण्याचे दिवस जुळत नाहीत, ही विदर्भातली आणखी एक गाठ. ऊब हवी असते ती कार्तिक ते माघ. नेमकी तेव्हा कपाशीची वेचणी जोरात असते आणि एकाही बाईला दुपार मोकळी नसते. हात मोकळे असतात ते चैत्र-वैशाखात. म्हणजे दुपटी सहा-सात महिने ठेवावी लागतात, आणि मध्ये अख्खा पावसाळा येतो. तेव्हा पेटीत डांबराच्या गोळ्या टाकायचा मोह होतो. तो कटाक्षानं टाळावा. ज्या बाळाच्या रक्तात जी६पीडी हे विकर कमी असतं, त्याच्या लाल पेशी या गोळ्यांच्या वाफेनं फुटतात आणि कावीळ जिवावर बेतते. मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते, आणि जन्मलेल्या बाळाकडे बघून ती कळत नाही. दुपटी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवून, थंड झाल्यावर, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासह कोरड्या सुती पिशवीत बांधावीत. पोळ्याच्या सुमारास एकदा ऊन दाखवावं, आणि देण्याआधी पुन्हा एकदा धुवावं.

द्यायला जाताना आधी प्रसूती कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरांशी बोलावं. अतिदक्षता कक्षात, जिथे आजारी आणि कमी वजनाची बाळं ठेवतात, तिथे बाहेरचं शिवलेलं कापड घेत नाहीत, आणि जंतुसंसर्गाच्या भीतीनं ते योग्यच आहे. गरज असते ती बाळंतपणानंतरच्या वॉर्डात आणि घरी जाणाऱ्या बाळाला. दुपटं वॉर्डाच्या साठ्यात न देता आईच्या हातात द्यावं, म्हणजे ते घरी पोचतं. देताना फोटो काढू नयेत. ओली बाळंतीण त्या वेळी नाही म्हणू शकत नाही. दोन वाक्यं मात्र जरूर सांगावीत: दुपटं बाळाच्या काखेपर्यंतच पांघरायचं, तोंडावर कधीच नाही; आणि ओलं झालं की लगेच बदलायचं. सोबत मोहरीची उशी देण्याची रीत आहे, ती थांबवलेली बरी, कारण मऊ उशीत बाळाचं नाक दबू शकतं. दुधाची पावडर आणि बाटल्या तर गाठोड्यात ठेवूच नयेत, १९९२ च्या कायद्यानं त्यांच्या वाटपावर बंधनं आहेत. त्याऐवजी सहा लंगोट आणि एक टोपडं ठेवावं, जुन्या धोतराचं असलं तरी चालेल.