पॅरिसच्या मैदानावरचा ऊस

८ ऑगस्ट २०२४ ची संध्याकाळ. कराडजवळच्या आमच्या गावात पावसाची रिपरिप चालू होती आणि टीव्हीवर पॅरिस ऑलिम्पिकमधला पुरुष हॉकीच्या कांस्यपदकाचा सामना लागला होता. पहिला गोल स्पेननं केला. मग हरमनप्रीत सिंगनं पेनल्टी कॉर्नरवर (गोलाजवळच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या खास संधीवर) एकापाठोपाठ दोन गोल मारले आणि भारत २-१ असा जिंकला. उभी हयात उसात घालवलेले शेजारचे तात्या पडद्याकडे बघत म्हणाले, "ह्ये निळं गवात कशाचं म्हनायचं?"

"उसाचं, तात्या."

"चेष्टा करतोस व्हय?"

चेष्टा नव्हती. पॅरिसलगतच्या कोलोंब इथल्या त्या मैदानावर जे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, अंथरलं होतं, त्याच्या पात्यांमधला सुमारे ८० टक्के कच्चा माल उसापासून आलेला होता. त्याआधी टोकियोत आपण जर्मनीला ५-४ हरवून ४१ वर्षांनी पदक आणलं, तिथल्या टर्फच्या पात्यांतही उसाचा वाटा साधारण ६० टक्के होता. म्हणजे हॉकीतली आपली गेली दोन्ही ऑलिम्पिक पदकं उसावर धावून मिळवलेली आहेत. कृष्णाकाठच्या माणसाला हे कळायलाच हवं, म्हणून त्या संध्याकाळी तात्यांना जे सांगितलं ते इथे लिहितो आहे.

निम्मी वाट आपल्या ओळखीचीच आहे. उसाचा रस किंवा मळी घ्यायची, यीस्ट घालून आंबवायची आणि डिस्टिलरीत ऊर्ध्वपातन करून अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, काढायचं. आपल्या कारखान्यांचं इथेनॉल इथून पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. ब्राझीलमध्ये तिथल्या इथेनॉलमधलं काही वेगळ्या वाटेनं नेतात. इथेनॉलची वाफ तीनशे-चारशे अंश सेल्सिअसला तापवून अ‍ॅल्युमिनासारख्या उत्प्रेरकावरून सोडली, की प्रत्येक रेणूतून पाण्याचा एक रेणू निसटतो आणि मागे इथिलीन हा वायू उरतो. रसायनशास्त्राच्या हिशेबानं ४६ किलो इथेनॉलमधून २८ किलो इथिलीन आणि १८ किलो पाणी.

इथिलीन हे नाव परकं वाटेल, पण हा वायू आपल्या घरात दर उन्हाळ्यात असतो. आंब्याची आढी घालतो तेव्हा पेंढ्याखाली फळं स्वतःच इथिलीन सोडतात, ते आत कोंडून राहतं आणि सगळी आढी पिकते. केळी पिकवण्याच्या खोल्यांतही हाच वायू सोडतात. त्याचे हजारो रेणू साखळीच्या कड्यांसारखे एकात एक गुंफले की पॉलिथिलीन तयार होतं. ते वितळवून बारीक पाती ओढायची, निळा रंग द्यायचा, झालं टर्फचं गवत.

इथे एक गैरसमज होऊ शकतो. उसाचं असलं तरी हे प्लास्टिकच. मातीत पुरलं तर कुजणार नाही. पेट्रोलियमपासून केलेलं पॉलिथिलीन आणि हे, दोघांचे रेणू सारखेच असतात. फरक कार्बनच्या वयात असतो. हवेत कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन अगदी थोड्या प्रमाणात असतो. ऊस वाढताना तो शोषतो. त्याचा निम्मा भाग झिजायला सुमारे ५,७३० वर्षं लागतात. पेट्रोलियम कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून असल्यानं त्यात तो शिल्लकच नसतो. त्यामुळे टर्फचं एक पातं प्रयोगशाळेत दिलं, तर त्यातला किती कार्बन उसाचा आणि किती खनिज तेलाचा हे मोजून सांगता येतं. मला स्वतःला या सगळ्या गोष्टीत हा भाग सर्वात सुंदर वाटतो.

आता खेळाकडे. भारताच्या हॉकी संघाला १९२८ ते १९७२ पर्यंत प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये पदक मिळालं. १९७५ मध्ये आपण विश्वचषकही जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो. मैदान हेच एकमेव कारण नव्हतं, पण मोठं कारण होतं. मातीच्या मैदानावर चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसतो, म्हणून तो काठीजवळ खेळवणाऱ्या मनगटाला किंमत असते. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगात पळतो, तिथे लांब पास आणि दमसास भाव खातात.

हरमनप्रीतचे गोलही याच सपाटीवर उभे आहेत. पेनल्टी कॉर्नरला गोलाच्या बाजूच्या मागच्या रेषेवरून ढकललेला चेंडू न उसळता गोलासमोर आखलेल्या वर्तुळाच्या टोकापर्यंत येतो, तिथे थोपवला जातो, आणि मारणारा तो काठीवर घेऊन जमिनीलगत ओढत नेतो. जोर जितकं जास्त अंतर लागत राहील तितका वेग चढतो. जेमतेम १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. गोलरक्षकाच्या हाती अर्धा सेकंद.

हे जमावं म्हणून सामन्याआधी टर्फ भिजवतात. पॉलिथिलीन पाणी शोषत नाही, त्यामुळे पात्यांवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि तो वंगणाचं काम करतो. कोरड्या टर्फवर चेंडू अडखळतो आणि पडलेल्या खेळाडूचं कोपर-गुडघ्यांचं कातडं सोलून निघतं. पॅरिसचं टर्फ आधीच्या टर्फपेक्षा कमी पाण्यात चालेल असं बनवलं होतं. पाण्याशिवाय चालणारं टर्फ आणण्याचा आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा प्रयत्न आहे. त्यासाठी पाण्याचा निसरडेपणा पात्याच्या पोतातच उतरवावा लागेल.

सगळं ऐकून झाल्यावर तात्यांनी विचारलं, "मैदानाला पानी कमी लागलं, बरं झालं. पर त्या उसाला किती लागलं?"

प्रश्न नेमका होता. ब्राझीलमधला बहुतेक ऊस पावसावर येतो. आपला बारा ते अठरा महिने पाटाच्या नाहीतर उपशाच्या पाण्यावर उभा असतो, आणि आमच्याच सातारा जिल्ह्यात माण-खटाव तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तेव्हा असं टर्फ उद्या आपल्या मळीतून करायचं ठरलं, तर उसाचा कार्बन किती आणि तेलाचा किती या हिशेबाशेजारी पाण्याचा रकाना आखावाच लागेल. आणि बिनपाण्याचं टर्फ खरंच आलं, तर त्यातलं एखादं मैदान माणमधल्या दहिवडी-म्हसवडच्या बाजूला व्हावं असं मला फार वाटतं. तिथली पोरं आजही मुरमाड माळावर पळायचा सराव करतात.